गिअर जड पडतोय? गिअरबॉक्स उतरवण्याआधी दोष कुठे आहे ते शोधा

माझ्या गाडीचा पहिला आणि रिव्हर्स गिअर पडेनासा झाला तेव्हा मी घाबरून ती सरळ गॅरेजला नेली. गिअरबॉक्स उतरवला गेला, सिंक्रो रिंगा (गिअर टाकताना आतले वेग जुळवणाऱ्या रिंगा) बदलल्या गेल्या आणि गाडी घरी आली तेव्हा लिव्हर होता तितकाच जड होता. दोष निघाला क्लचच्या मास्टर सिलिंडरमधल्या, म्हणजे पेडलमागच्या द्रव ढकलणाऱ्या सिलिंडरमधल्या, एका रबरी सीलमध्ये. इंजिन बंद करून एकदा गिअर टाकून पाहिला असता, तर बिघाड गिअरबॉक्सच्या बाहेर आहे हे मिनिटभरात कळलं असतं. ते मिनिट मी दिलं नाही आणि मेकॅनिकनंही दिलं नाही. तुम्ही ते द्यावं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

गिअर जड पडण्याची कारणं चार ठिकाणी सापडतात: क्लच, लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या केबली किंवा दांडे, गिअरबॉक्समधलं ऑइल आणि गिअरबॉक्सच्या आतले भाग. यातल्या फक्त शेवटच्या कारणासाठी गिअरबॉक्स खोलावा लागतो. म्हणून शोध बाहेरून आत न्यायचा.

आधी तक्रार नेमकी करा

"गिअर जड आहे" एवढ्यावरून कुणालाच काही कळत नाही. दोन-तीन दिवस गाडी चालवताना लक्ष ठेवा आणि लिहून काढा. सगळेच गिअर जड आहेत की एखादाच? गाडी उभी असताना त्रास होतो की चालत्या गाडीत? सकाळी इंजिन थंड असताना, की तासभर गाडी चालवल्यावर? वरचा गिअर टाकताना की खालच्यावर येताना? लिव्हर नुसता अडतो, की खर्रकन दात घासल्याचा आवाज येतो? आणि हे हळूहळू वाढत गेलं की एका दिवसात झालं? एका दिवसात झालं असेल, तर बहुधा काहीतरी तुटलंय, निसटलंय किंवा गळलंय. सिंक्रो रिंग एका रात्रीत झिजत नाही.

काही गोष्टी दोषात मोडतच नाहीत. उभ्या गाडीत कधीकधी पहिला गिअर पडत नाही, कारण आतले दात एकमेकांच्या टोकावर येऊन थांबलेले असतात. न्यूट्रलमध्ये क्लच सोडून पुन्हा दाबला की तो पडतो. चांगल्या वेगात असताना पहिला गिअर अडतो, आणि त्यानं अडावंच. थंडीच्या सकाळी पहिली काही मिनिटं लिव्हर थोडा जड लागतो. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्स गिअरला सिंक्रो नसतो, त्यामुळे क्लच दाबल्या दाबल्या घाईनं रिव्हर्स टाकला तर आवाज येणारच.

इंजिन बंद, मग इंजिन चालू

सपाट जागी गाडी उभी करा, हँडब्रेक ओढा आणि समोर-मागे कुणी नाही याची खात्री करा. इंजिन बंद ठेवून क्लच पूर्ण दाबा आणि पहिल्यापासून रिव्हर्सपर्यंत सगळे गिअर सावकाश टाकून पाहा. हाताला किती जोर लागतो ते लक्षात ठेवा. एखादा अडला, तर न्यूट्रलमध्ये क्लच सोडून परत दाबा किंवा गाडी हातभर पुढे ढकला, मग पुन्हा टाका. आता डाव्या पायानं क्लच आणि उजव्या पायानं ब्रेक दाबून इंजिन सुरू करा आणि तेच सगळं पुन्हा करा.

इंजिन बंद असताना सगळे गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू असताना अडतात, तर संशयित क्लच आहे. पेडल दाबूनही इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांपासून पुरते वेगळे होत नाहीत. याला मेकॅनिक क्लच ड्रॅग म्हणतात. दोन्ही वेळा सारखेच जड असतील, तर केबल, दांडे, बुश (सांध्यातल्या छोट्या कड्या) किंवा गिअरबॉक्सच्या वरचं निवड करणारं यंत्र पाहायचं. उभ्या गाडीत दोन्ही वेळा ठीक, पण चालत्या गाडीत एखाद-दुसरा गिअर खरखरतो, तर सिंक्रो रिंग. थंड असताना सगळेच जड आणि गरम झाल्यावर सुरळीत, तर ऑइल.

याच वेळी इंजिनाचा आयडल वेगही, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता चालणाऱ्या इंजिनाचा वेग, पाहून घ्या. तो साधारण ७०० ते ९०० आरपीएमच्या घरात असतो. थ्रॉटल चिकटल्यानं तो वर चढलेला असेल, तर थोडासा क्लच ड्रॅगही खूप मोठा वाटतो.

क्लचवर संशय असेल तर

इथे मी सर्वात जास्त वेळ देईन, कारण इथले बरेचसे दोष नुसतं पाहून आणि पाय दाबून सापडतात.

पहिली तपासणी रिव्हर्सची. इंजिन आयडलला, गाडी पूर्ण थांबलेली. क्लच तळापर्यंत दाबा, मनात दहा आकडे मोजा, मग रिव्हर्स टाका. क्लच दाबून इंजिन वेगळं झाल्यावरही क्लच प्लेट आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट (इंजिनाची ताकद आत नेणारा दांडा) आपल्या वेगानं काही क्षण फिरत राहतात, म्हणून थांबायचं. दहा सेकंदांनंतरही दात घासत असतील, तर शाफ्टला कुणीतरी अजून फिरवतंय, आणि ते इंजिनच असणार.

दुसरी तपासणी धरून ठेवण्याची. पाय ब्रेकवर, हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर टाका आणि क्लच तळाशी तसाच दाबून अर्धा मिनिट थांबा. गाडी हळूहळू पुढे रेटू लागली किंवा इंजिनाचा वेग खाली बसू लागला, तर दाबलेला दाब आतल्या आत निसटतोय. हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या क्लचमध्ये मास्टर सिलिंडरचं आतलं सील झिजलं की नेमकं असंच होतं. बाहेर एक थेंबही दिसत नाही, कारण द्रव सीलवरून वळसा घेऊन परत टाकीत जातो. माझ्या गाडीत हेच झालं होतं.

तिसरी तपासणी पेडल मारण्याची. गिअर अडत असेल तेव्हा पेडल तीन-चारदा पटापट दाबा आणि शेवटच्या दाबावर धरून गिअर टाका. आता तो सहज पडला, तर नळीत हवा आहे किंवा कुठलं तरी सिलिंडर गळतंय.

आता बोनेट उघडण्याआधी खाली पायाशी पाहा. जाड मॅट पेडलखाली सरकली असली, तरी क्लच पूर्ण दबत नाही. ही गोष्ट क्षुल्लक वाटते म्हणून सगळ्यात शेवटी सुचते. पेडलचा बुश सैल झालाय का, पेडल ज्या पत्र्याला बसवलंय तो दाबताना वाकतोय का, हेही टॉर्च घेऊन बघा. पेडल दाबताना पाच मिलिमीटर वाया गेले, तरी पुढच्या टोकाला क्लच उघडायला लागणारी हालचाल कमी पडते.

केबलचा क्लच असेल, तर पेडलची मोकळी हालचाल मोजा. पेडलवर बोट ठेवून हलकेच दाबा. जोर लागायला सुरुवात होते तिथपर्यंतचं अंतर ही ती हालचाल. ती किती हवी हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. जास्त असेल तर केबल ताणली गेली आहे आणि अॅडजस्ट करता येते. पण ती घट्ट करताना मोकळी हालचाल पूर्ण संपवू नका, नाहीतर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच उघडणारं बेअरिंग) सतत दाबलेलं राहील आणि प्लेट घसरू लागेल. केबलीच्या टोकाशी तारेचे धागे सुटलेले दिसले तर अॅडजस्ट करत बसू नका, ती बदला.

हायड्रॉलिक असेल, तर टाकीतल्या द्रवाची पातळी आणि रंग पाहा. अनेक गाड्यांत क्लच आणि ब्रेकची टाकी एकच असते आणि क्लचची नळी टाकीच्या वरच्या भागातून निघते. म्हणून पातळी खाली गेली की पहिला फटका क्लचला बसतो आणि ब्रेक अजून ठीक असतात. पण अशा वेळी द्रव कुठे गेला हे शोधल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका, कारण तो ब्रेकमधूनही गळत असू शकतो. काळपट द्रव म्हणजे जुना झालेला आणि आत सीलची झीज मिसळलेला. हा द्रव हवेतलं पाणी शोषून घेतो. डॉट ४ प्रतीच्या कोरड्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओलसर झाल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. गरम एक्झॉस्टजवळून जाणाऱ्या नळीत मग वाफेचे बुडबुडे धरतात आणि लांबच्या प्रवासानंतर पेडल मऊ पडतं. गाडी गार झाल्यावर सगळं ठीक होतं, म्हणून मेकॅनिकला दोष दाखवता येत नाही.

गळती शोधायच्या जागा तीन. पेडलच्या मागे, जिथे मास्टर सिलिंडरचा दांडा आत येतो तिथे कार्पेट ओलसर आहे का? स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे द्रवाच्या दाबानं क्लच उघडणारं दुसऱ्या टोकाचं सिलिंडर, बाहेर बसवलेलं असेल, तर त्याचं रबरी बूट हळूच उचला. आत ओल दिसली तर सील गेलं. आणि गिअरबॉक्स जिथे इंजिनाला जुळतो त्या जोडाच्या खालून थेंब पडतात का? काही गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर आतच, इनपुट शाफ्टभोवती बसवलेलं असतं आणि त्याची गळती इथूनच बाहेर येते. तिथे तेल आलं असेल तर ते इंजिनाचं आहे की क्लचचं, हे बोटाला लावून ठरवा. क्लचचा द्रव पातळ असतो आणि पाण्यानं धुतला जातो. हात नंतर साबणानं धुवा आणि हा द्रव रंगावर सांडला तर लगेच भरपूर पाणी टाका. तो रंग खातो.

मग एका सहकाऱ्याला पेडल दाबायला बसवा आणि तुम्ही रबरी नळीवर हात ठेवा. दाबताना नळी फुगत असेल, तर दाब तिथेच खर्च होतोय. स्लेव्हचा दांडा किती सरकतो तेही पट्टीनं मोजा आणि मॅन्युअलशी ताडून पाहा. मला ही मोजणी फार मोलाची वाटते, कारण निकाल इथे पडतो. दांडा कमी सरकतो, तर दोष पेडल ते स्लेव्ह या टप्प्यात आहे. पूर्ण सरकूनही गिअर अडतो, तर दोष पुढे, क्लच प्लेट आणि तिला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या बाजूला आहे, आणि गिअरबॉक्स उतरवण्याला आता कारण आहे.

हवा काढायची असेल तर काम दोघांचं. स्लेव्हच्या ब्लीडरवर (हवा काढायच्या स्क्रूवर) पारदर्शक नळी चढवा आणि तिचं दुसरं टोक थोडा द्रव असलेल्या बाटलीत बुडवा. सहकारी पेडल दाबून धरेल, तुम्ही ब्लीडर सैल करा, बुडबुडे बाहेर येतील. ब्लीडर घट्ट केल्यावरच पेडल सोडायचं, नाहीतर हवा परत आत ओढली जाते. टाकी मधूनमधून भरत राहा. बुडबुडे थांबेपर्यंत हेच करायचं. टाकीच्या झाकणावर जो डॉट क्रमांक छापलाय तोच द्रव वापरा. डॉट ५ हा सिलिकॉनचा असतो, तो डॉट ३ किंवा डॉट ४ मध्ये मिसळत नाही. डॉट ५.१ हा मात्र डॉट ४ च्याच कुळातला. नावाच्या सारखेपणामुळे इथे चूक होते.

दांडा पूर्ण सरकत असेल, तर आत काय असू शकतं? वाकलेली क्लच प्लेट, शाफ्टच्या गंजलेल्या स्प्लाइनवर (खाचांवर) अडकून न सरकणारी प्लेट, प्रेशर प्लेटच्या डायफ्राम स्प्रिंगचं तुटलेलं बोट, रिलीज बेअरिंग ढकलणारा पण वाकलेला किंवा टेकू झिजलेला फोर्क, आणि फ्लायव्हीलच्या मध्यभागी पायलट बेअरिंग असेल, तर जाम झालेलं पायलट बेअरिंग. हे बेअरिंग अडकलं की क्लच पूर्ण उघडूनही इंजिन शाफ्टला आपल्यासोबत फिरवत राहतं. गाडी अनेक महिने बंद उभी होती आणि मग गिअरच पडेना, तर प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलेली असण्याची शक्यता मोठी. नव्या क्लचनंतर लगेच त्रास सुरू झाला, तर प्लेट उलटी बसली असेल किंवा हवा राहिली असेल. आधी हवा काढून पाहा.

आवाजही खूप काही सांगतो. न्यूट्रलमध्ये, क्लच सोडलेला असताना गुरगुर येते आणि क्लच दाबल्यावर थांबते, तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग. क्लच दाबल्यावर आवाज सुरू होतो, तर रिलीज बेअरिंग.

केबली, दांडे आणि बुश

इंजिन बंद असतानाही गिअर जड असेल, तर हा भाग. आडवं इंजिन असलेल्या पुढच्या चाकांच्या गाड्यांत बहुधा दोन केबली असतात. एक लिव्हरची डावी-उजवी हालचाल गिअरबॉक्सपर्यंत नेते, दुसरी पुढे-मागे. यावरून एक सोपा अंदाज बांधता येतो. पहिला, तिसरा आणि पाचवा, म्हणजे पुढे ढकलायचे सगळे गिअर अर्धवट पडतात आणि मागचे ठीक, तर पुढे-मागेची केबल बिघडलेल्या मापावर बसली आहे. एका कडेचे गिअरच सापडत नाहीत, तर डावी-उजवीची. न्यूट्रलमध्ये लिव्हर डावीकडे नेऊन सोडा. तो आपोआप मध्यावर, तिसऱ्या-चौथ्याच्या रेषेत यायला हवा. रेंगाळला तर केबल, बुश किंवा स्प्रिंग जाम आहे.

खात्री करायला गिअरबॉक्सच्या बाजूनं केबलींची टोकं सोडा. आता आतला लिव्हर हलवा. तो अजूनही जड असेल, तर केबल आतून गंजली आहे किंवा लिव्हरचा तळ जाम आहे. लिव्हर हलका झाला, तर गिअरबॉक्सवरची आर्म हातानं हलवून पाहा. ती खटकन एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाते का? ती हलतच नसेल, तर तिचा शाफ्ट गंजला असेल किंवा दोष आत आहे. टोकांवरचे प्लॅस्टिकचे बुश वितळलेले किंवा पोकळ झालेले दिसले तर आधी तेच बदला. नुसतं बुश गेल्यानं गिअर हरवलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत आणि बदलायला अर्धा तासही लागला नाही.

इंजिनाचे माउंटही इथेच तपासा. रबर फाटलं की इंजिन पुढे-मागे झुलतं, केबली ओढल्या जातात, आणि चढावर किंवा जोरात ॲक्सिलरेटर दिल्यावरच गिअर अडतो. तपासताना इंजिनासमोर उभं राहू नका, बाजूला उभं राहून पाहा.

गिअर ऑइल

गाडीखाली जायचं असेल तर ती स्टँडवर उचला, नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही खाली शिरू नका. आणि ऑइल काढण्याआधी भरण्याचा बोल्ट उघडतो का ते पाहा. तो गंजून अडकला आणि तुम्ही जुनं ऑइल आधीच ओतून टाकलं, तर गाडी तिथेच खिळली. बहुतेक गिअरबॉक्समध्ये भरण्याच्या भोकाच्या खालच्या काठाला ऑइल टेकायला हवं, गाडी सपाट असताना.

बाहेर आलेलं ऑइल नीट बघा. चुंबक असलेल्या बोल्टवर राखाडी लोण्यासारखा लेप असणं नेहमीचं आहे. ऑइलमध्ये सोनेरी चमक दिसली, तर पितळेच्या सिंक्रो रिंगा झिजत आहेत. स्टीलचा तुकडा सापडला तर गाडी चालवू नका.

नवं ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलंय त्याच दर्जाचं घाला. जीएल-५ हा आकडा मोठा म्हणून तो जीएल-४ पेक्षा चांगला, हा समज अनेक गिअरबॉक्सना भोवला आहे. जीएल-५ मध्ये प्रचंड दाब सोसणारी गंधक-फॉस्फरसची द्रव्यं जास्त असतात, कारण तो मुख्यतः डिफरन्शियलच्या हायपॉइड गिअरसाठी बनतो. त्यातली काही ऑइल पितळेला त्रास देतात, आणि सिंक्रोला पकडीसाठी जे थोडं घर्षण लागतं तेही कमी करतात. घट्टपणाही तितकाच महत्त्वाचा. ७५डब्ल्यू-८० सांगितलं असताना ८५डब्ल्यू-९० घातलं, तर सकाळचे गिअर नक्की जड होणार. काही मॅन्युअल गिअरबॉक्सना तर ऑटोमॅटिकचंच ऑइल लागतं, म्हणून अंदाजानं भरू नका.

सिंक्रो झिजला आहे का

गिअर शाफ्टला जोडताना दोघांचे वेग जुळवायचं काम सिंक्रो रिंग करते. तिचा शंकूच्या आकाराचा आतला पृष्ठभाग गिअरला घासून त्याचा वेग शाफ्टच्या वेगाशी आणतो, आणि वेग जुळेपर्यंत लिव्हरला पुढे जाऊ देत नाही. पृष्ठभाग गुळगुळीत झाला की वेग जुळत नाहीत आणि दात घासतात. दुसरा गिअर बहुतेकदा आधी जातो, कारण तिथे वेगातली तफावत मोठी असते आणि तो सारखा वापरला जातो.

खात्रीची परीक्षा म्हणजे दोनदा क्लच दाबणं. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना क्लच दाबून न्यूट्रल करा, क्लच सोडा, ॲक्सिलरेटर किंचित द्या, पुन्हा क्लच दाबा आणि दुसरा टाका. असं केल्यावर तो आवाज न करता पडतो आणि नेहमीच्या पद्धतीनं खरखरतो, तर त्या गिअरची सिंक्रो रिंग गेली आहे. तुम्ही हातापायानं जे केलंत ते तिनं करायला हवं होतं. दोनदा क्लच दाबूनही गिअर अडतो किंवा पडल्यावर उडतो, तर गिअरबॉक्समधला गिअर सरकवणारा फोर्क, त्याची स्लीव्ह किंवा गिअरला जागेवर धरणारी डिटेंट स्प्रिंग पाहावी लागेल, आणि आता खरोखर गिअरबॉक्स खोलायची वेळ आली.

गिअरबॉक्स उतरणारच असेल

तुम्ही केलेल्या तपासण्या आणि त्यांचे निकाल कागदावर लिहून मेकॅनिकच्या हातात द्या. उतरवण्याची मजुरी एकदाच पडावी म्हणून क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, आणि असेल तर पायलट बेअरिंग व आतलं स्लेव्ह सिलिंडर याच वेळी तपासून घ्या. जुनी प्लेट मागून घ्या आणि तिची स्प्लाइन, जाडी, एका बाजूची जळ स्वतः पाहा. क्रँकशाफ्टच्या मागच्या सीलभोवती ओल असेल तर तेही आत्ताच बदला.

गाडी हातात आल्यावर गॅरेजच्या दारातच इंजिन चालू करा, क्लच तळापर्यंत दाबा, दहा आकडे मोजा आणि रिव्हर्स टाका. मग थोडं फिरून, इंजिन पूर्ण गरम झाल्यावर पुन्हा एकदा टाका.